पॅकेटवरच्या वेळेचा शिक्का तपासताना

निपाणी-चिकोडी भागात उसाची गाडी साखर कारखान्यावर पोचली की फाटकावर नंबराची चिठ्ठी मिळते आणि काट्यावरची पावती मिळते ती बऱ्याच वेळाने, कारण मधल्या वेळात गाडी तळावर उभी असते. लिनक्समध्ये नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्याच्या, वेळेचेही असेच आहे. हार्डवेअर शिक्का ही फाटकावरची चिठ्ठी असून ती नेटवर्क कार्ड स्वतःच्या घड्याळावरून देते; सॉफ्टवेअर शिक्का ही काट्यावरची पावती असून ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने) पॅकेट वर दिल्यावर ती कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सिस्टिमच्या घड्याळावरून देतो. आकडा विचित्र दिसला तर तो कोणत्या शिक्क्याचा आहे, हे आधी ठरवावे.

पहिल्यांदा 'ईथटूल' ही कार्डाची माहिती देणारी आज्ञा कॅपिटल टी हा पर्याय आणि इंटरफेसचे नाव देऊन चालवावी. त्यात हार्डवेअर-रिसीव्ह दिसत नसेल, तर पुढची खटपट व्यर्थ आहे. दुसरे कार्ड आणावे.

कार्ड सक्षम असूनही हार्डवेअरच्या जागी शून्यच येत असेल, तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असते. सॉकेटच्या, म्हणजे प्रोग्राम ज्यातून नेटवर्कशी बोलतो त्या जोडणीच्या, एसओ_टाइमस्टॅम्पिंग या पर्यायात शिक्का मारायला सांगणारे आणि तो प्रोग्रामपर्यंत पोचवायला सांगणारे फ्लॅग (चालू-बंद खुणा) वेगवेगळे आहेत. आरएक्स_हार्डवेअर लावून रॉ_हार्डवेअर विसरणे ही नेहमीची चूक. दुसरे म्हणजे सॉकेटने मागणी केली तरी कार्ड आपोआप कामाला लागत नाही; एसआयओसीएसएचडब्ल्यूटीस्टॅम्प या आयओसीटीएलने (कर्नलला दिलेल्या थेट सूचनेने) इंटरफेसवर ती सोय वेगळी चालू करावी लागते, आणि त्यासाठी नेटवर्क प्रशासनाचा अधिकार लागतो. यंत्र पुन्हा सुरू झाले की हे सेटिंग पुसले जाते, त्यामुळे आपल्याकडे वीज जाऊन आली की आधी तेच पाहावे.

उत्तरात वेळेच्या तीन नोंदी येतात: पहिली सॉफ्टवेअरची, तिसरी हार्डवेअरची, मधली आता वापरात नाही. पाठवलेल्या पॅकेटचा शिक्का मात्र सॉकेटच्या एरर क्यूमध्ये (चुकांसाठीच्या रांगेत) येतो, म्हणून सॉकेटवर लक्ष ठेवणाऱ्या पोलने पोलएरर ही चुकीची खूण दाखवली तरी बिघाड समजून सॉकेट बंद करू नये.

बेळगावच्या उद्यमबागेत एका टेबलावर दोन यंत्रे थेट केबलने जोडून मी मोजमाप घेतले, तेव्हा पॅकेटला हातभर वाटेला 37 सेकंद लागल्याचे दिसले. पाठवण्याची वेळ सॉफ्टवेअरची आणि पोचण्याची हार्डवेअरची धरली होती. पीटीपी या नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने जुळवलेले कार्डाचे घड्याळ सहसा टीएआय या आण्विक कालमापनावर चालते आणि ते 1 जानेवारी 2017 पासून सिस्टिमचे घड्याळ ज्यावर चालते त्या यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या 37 सेकंद पुढे आहे. अर्धा दिवस मी केबलीच बदलत बसलो होतो.

याहून फसवी गोष्ट अशी की जुना एसओ_टाइमस्टॅम्प आणि नवा एसओ_टाइमस्टॅम्पिंग हे दोन्ही पर्याय एकाच सॉकेटवर सॉफ्टवेअर फ्लॅगसह लावले आणि खरा सॉफ्टवेअर शिक्का नसला, तर कर्नल रिसीव्हएमएसजी या पॅकेट वाचण्याच्या कॉलच्या क्षणीच एक वेळ तयार करून पहिल्या जागी भरतो. आकडा अगदी खरा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रोग्रामने पॅकेट वाचल्याची वेळ सांगत असतो. जुना पर्याय काढून टाकावा.

सॉफ्टवेअर शिक्के झुबक्याझुबक्याने येत असतील, तर कार्ड अनेक पॅकेटांसाठी एकच इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) देत असण्याची शक्यता आहे. चाचणीपुरते आरएक्स-यूसेक्स, म्हणजे इंटरप्ट देण्याआधी कार्ड थांबते ती वेळ, शून्य करून पाहावे. प्रोसेसरवरचा भार वाढतो, म्हणून आधीचे मूल्य लिहून ठेवावे आणि चाचणी संपताच परत लावावे.