पावसाळ्याआधी हार्ड डिस्क, फ्लॉपी आणि जुन्या कॅसेट कशा सांभाळाव्यात

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घराघरांत शिरलं, तेव्हा आमच्या काकांनी गाद्या, देव आणि तांदळाचा डबा माळ्यावर चढवला. एक्स्टर्नल हार्ड डिस्क टीव्हीखालच्या खणातच राहिली. पाणी ओसरल्यावर चुलतभावाने ती दोन दिवस वाळवली आणि लॅपटॉपला जोडली. टक्, टक्, टक्... दहा वर्षांचे फोटो गेले. जोडायची घाई केली नसती, तर बरेचसे वाचलेही असते.

म्हणून आधी भिजलेल्या डिस्कचं बघू.

तिला वीज देऊ नका. बहुतेक हार्ड डिस्कना एक बारीक भोक असतं आणि शेजारी ‘हे झाकू नका’ अशी सूचना छापलेली असते. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं, पण बुडालेल्या डिस्कमध्ये पाणीही तिथूनच शिरू शकतं. आत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. गाळाचा एक कण म्हणजे तिथे धोंडाच. ऊन, हेअर ड्रायर, तांदळात पुरून ठेवणं, यातलं काहीही करू नका. गाळ वाळला की तबकडीला घट्ट धरतो. डिस्क ओलसर असतानाच झिपच्या पिशवीत बंद करा, लवकरात लवकर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि ‘पुराच्या पाण्यात होती’ हे त्याला आधी सांगा. झाकण घरी उघडू नका, तुमचा स्क्रू ड्रायव्हरवर कितीही हात बसलेला असो.

आता कोरड्या वस्तूंकडे.

पहिली पायरी जागेची. तळमजल्यावर राहत असाल तर वरचा खण निवडा, पण बाहेरच्या भिंतीला लागून नको, तिथे ओल येते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. आमच्याकडे कपाट म्हटलं की डांबरगोळ्या आल्याच. या डब्यात त्या नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मानवत नाही. लोहचुंबकाची भीती मात्र लोक उगाच जास्त बाळगतात. फ्लॉपी आणि कॅसेट स्पीकरपासून लांब ठेवा, एवढं पुरे. फ्रिजवरच्या शोभेच्या चुंबकाने हार्ड डिस्क पुसली जात नाही.

दुसरी पायरी मुंजीच्या आणि लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटची. कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड निरखा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. ती बाजूला काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. स्वच्छ असेल तर शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा पूर्ण रिवाइंड करा आणि पुस्तकासारखी उभी ठेवा. पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी शाबूत असेल तर तोडून टाका. आमच्या मुंजीतल्या मातृभोजनावर कुणीतरी क्रिकेटची मॅच रेकॉर्ड करून ठेवली आहे.

फ्लॉपीचं थोडक्यात: ३.५ इंची असेल तर कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. पत्र्याचं झाकण सरकवून आतल्या चकतीला बोट लावू नका. यूएसबीला जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हवर १.४४ एमबी उतरवून घ्यायला दोन-चार मिनिटं लागतात. खरखर ऐकू आली तर तिथेच थांबा.

तिसरी पायरी रोजच्या डिस्कची. फिरत असताना ती उचलू नका, ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय वायर ओढू नका. महिन्यातून एकदा क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने ती तपासा. ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ दिसलं तर दुसरं काही करण्याआधी कॉपी काढा. एसएसडीला, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, पडण्या-आपटण्याची तेवढी धास्ती नाही, पण विजेशिवाय वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती योग्य नाही.

आणि कॉपी एकाच छपराखाली नको. आमची एक डिस्क पुण्याला बहिणीकडे असते. दिवाळीला ती येते, तेव्हा चिवड्याच्या डब्याबरोबर डिस्कचीही अदलाबदल होते.