सर्व्हर रिस्टार्ट करायच्या आधी आत कोण कोण आहे ते बघून घ्या

शनिवारी रात्री पॅचिंगसाठी (अपडेट्स टाकायला) वेळ मिळाली, ऑफिसला कुलूप लागलं, म्हणजे विंडोज सर्व्हर रिकामा झाला असं अजिबात धरू नका. लोक घरी जातात, सेशन्स (त्यांची सर्व्हरवरची लॉगिन्स) मागे राहतात. म्हणून ही तयारी दुपारीच करून ठेवा, रात्री फोन उचलायला कोणी नसतं.

आधी ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून क्वेरी युजर चालवा. युजरनेम, सेशनचं नाव, आयडी, स्टेट, आयडल टाइम आणि लॉगॉनची वेळ येते, ज्या ओळीच्या आधी > अशी खूण आहे ते तुम्ही स्वतः. सेशनच्या नावात कन्सोल असेल तर माणूस मशीनसमोरच बसलाय, सर्व्हर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) असेल तर व्हीएमच्या कन्सोलमधून आलाय, आणि आरडीपी-टीसीपी नि पुढे आकडा असेल तर रिमोट डेस्कटॉपवरून. खरं लक्ष द्यायचं ते स्टेटकडे. तिथे डिस्क (Disc, म्हणजे डिस्कनेक्टेड) लिहिलंय आणि सेशनच्या नावाची जागा कोरी आहे म्हणजे तो माणूस लॉगऑफ झालेलाच नाहीये, त्याने नुसतं फुलीवर क्लिक करून विंडो बंद केलीये किंवा त्याचं नेट गेलंय, आणि त्याची उघडी एक्सेल, सेव्ह न केलेलं नोटपॅड, मागे चालू असलेली स्क्रिप्ट सगळं आत तसंच्या तसं आहे. आयडल टाइम २+०३:१५ दिसला तर दोन दिवस सव्वातीन तास कीबोर्ड-माउस हललेला नाही, पण काम थांबलंय असं त्यावरून ठरवू नका, टास्क मॅनेजरच्या युजर्स टॅबमध्ये त्या नावाखाली काय काय चालू आहे ते उघडून बघा.

शेअर्ड फोल्डरवाले या यादीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी नेट सेशन चालवा, कुठल्या कॉम्प्युटरवरून कोण आलंय आणि किती फाइल्स उघड्या आहेत ते कळतं. शेड्यूल्ड टास्क आणि सर्व्हिसेससुद्धा सहसा क्वेरी युजरमध्ये दिसत नाहीत, सर्व्हिसेस तर विंडोज विस्टापासून सेशन ० मध्ये वेगळ्याच ठेवलेल्या असतात, तेव्हा रात्रीचा बॅकअप त्याच वेळी नाहीये ना एवढं टास्क शेड्युलरमध्ये नक्की बघा.

कोण कसं आत आलं हे खात्रीने हवं असेल तर सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६२४ फिल्टर करा आणि लॉगॉन टाइप वाचा: २ म्हणजे समोर बसून, ३ नेटवर्कवरून, ४ शेड्यूल्ड टास्क, ५ सर्व्हिस, ७ लॉक उघडलं, १० रिमोट डेस्कटॉप. ३ चा नुसता पूर येतो, घाबरू नका, आणि एकाच रिमोट डेस्कटॉप लॉगिनला आधी ३ मग १० अशा दोन नोंदीही पडू शकतात. मध्येच सुटलेलं सेशन ४७७९ मध्ये, परत जोडलेलं ४७७८ मध्ये.

मग क्वेरी युजरचं आउटपुट फाइलमध्ये सेव्ह करा, सोमवारी कोणी विचारलं तर हाताशी असू दे. ॲक्टिव्ह असलेल्यांना एमएसजी कमांडने मेसेज टाका, डिस्कवाल्यांच्या समोर ती स्क्रीनच नसते, त्यांना फोनच करायचा. एखादं सेशन अनाथ आहे अशी खात्री झाली तरच लॉगऑफ आणि त्याचा आयडी, आणि एंटर मारायच्या आधी आयडी परत एकदा वाचा. ही साफसफाई आणखी एका कारणासाठी हवी, साध्या सर्व्हरवर ॲडमिन कामाला रिमोट सेशन्स दोनच मिळतात, ती दोन्ही अडकलेली असतील तर रात्री आत शिरताना तुम्हीच अडकू शकता.

शटडाउन कमांडला /टी ने शून्यापेक्षा जास्त सेकंद दिले की ती न सांगताही जबरदस्तीने प्रोग्राम बंद करते, "सेव्ह करू का" विचारायला थांबत नाही, त्यामुळे ६०० सेकंद दिले म्हणून कोणाचं काम वाचेल असं नाही. मध्ये कोणी ओरडलंच तर /ए ने रद्द होतं. आणि जिथे बरेच लोक एकाच वेळी रिमोटवर काम करतात त्या सर्व्हरवर संध्याकाळीच चेंज लॉगॉन /ड्रेनअन्टिलरिस्टार्ट देऊन ठेवा, नवीन कोणी आत येत नाही, आधीचे आपापलं सेशन परत उघडून काम आवरू शकतात, आणि रिस्टार्टनंतर लॉगिन आपोआप सुरू होतं.