जुनी शाळा नवी करताना या चुका टाळा

मुंबईतल्या ब्रिटिशकालीन शाळांच्या दगड-विटांच्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात, आणि त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवणे ही नूतनीकरणातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल शोषून घेते व पुढे हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने तिची वाट बंद केली की पाणी आतच कोंडते. गिरगावातल्या एका शाळेत दुसऱ्याच पावसाळ्यानंतर मी अशी भिंत पाहिली. बाकांच्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले होते, बोट फिरवले की पांढरी भुकटी हाताला लागत होती आणि गिलाव्यावर ठोकले की बद्द आवाज येत होता. असा लोणा लागल्यावर वरून पुट्टी लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. आधी फुटलेली पन्हळ, तुंबलेला पाइप किंवा भेगेत रुजलेला पिंपळ शोधावा, मग सिमेंट काढून, भिंत पूर्ण वाळू देऊन चुन्याचाच गिलावा करावा.

दुसरी चूक वीज वाचवण्याच्या नावाखाली होते. व्हरांड्याला सरकत्या काचा बसवतात, उंच छताखाली फॉल्स सीलिंग घालून झरोके झाकतात, आणि वर्ग तापू लागला की एसी लावतात. सरकती खिडकी जेमतेम निम्मीच उघडते, तर जुनी झडपांची खिडकी पूर्ण उघडते. सुतार लावून तीच दुरुस्त करावी आणि ७५ वॅटच्या जुन्या पंख्यांऐवजी ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचे) पंखे लावावेत. शाळेत दिवसभर पंखे फिरतात, त्यामुळे फरक बिलात लगेच दिसतो.

सौर पॅनेल मात्र शेवटी. एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते, आणि गळक्या गच्चीवर सांगाडा उभारला की पुढे वॉटरप्रूफिंगसाठी सगळे उतरवावे लागते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारकच आहे. तिचा अहवाल हाती येण्यापूर्वी छतावर कोणताही भार टाकू नये. इमारत वारसा यादीत असल्यास परवानगीचा वेळही आधीच धरावा.

छप्पर कौलारू असेल तर कौले उतरवण्याचे काम उन्हाळी सुट्टी लागताच सुरू करावे आणि मेअखेर छप्पर झाकले जाईल असेच वेळापत्रक कंत्राटात लिहून घ्यावे, कारण जूनच्या पहिल्या सरीत उघडे सागवानी वासे भिजले की ते वाळेपर्यंत पुढचे काम अडून राहते.