जिताड्यासाठी मोठा स्विमबेट : काय घ्यावं, कसं बांधावं, कुठे टाकावं

मोठ्या स्विमबेटचा, म्हणजे माशासारखा पोहणाऱ्या नकली आमिषाचा (लुअरचा), खेळ वाढला अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या तलावांत. तिथे तलावात सोडलेले ट्राउट खाऊन बास हा शिकारी मासा पोसतो, म्हणून लुअरही ट्राउटच्या मापाचे, आठ-दहा इंचांचे. ठाणे-नवी मुंबईच्या खाड्यांत बासच्या जागी जिताडा (बारामुंडी) आणि ट्राउटच्या जागी बोईट (मलेट). खाडीत थव्याने फिरणारी बोइटं बहुतेक १२ ते १८ सेंटिमीटरची असतात. तेव्हा आपला पहिला मोठा लुअर सहा इंचांचा, म्हणजे १५ सेंटिमीटरचा घ्यावा. दहा इंची मागवण्याची घाई नको.

तो मऊ रबरी, रुंद शेपटीचा असावा. सांध्याचे कडक ग्लाइडबेट सुंदर पोहतात, पण त्यांचे तिहेरी हुक तिवराच्या मुळांत आणि जुन्या जाळ्यांत अडकतात आणि एका संध्याकाळी दोन-तीन हजार रुपये पाण्यात जातात. मऊ लुअरला एकच गळ, तोही अंगात लपवलेला, त्यामुळे जिथे जिताडा बसतो तिथेच तो नेता येतो. एकाच मापाचे तीन-चार नग आणि दोनच रंग पुरेत: एक पांढरट-चंदेरी, एक गडद. खाडीचं पाणी बारा महिने गढूळ. मासा रंगापेक्षा शेपटीची थाप आधी ओळखतो.

रॉड घेताना लांबीआधी त्यावर छापलेलं, तो फेकू शकेल ते वजन वाचा. सहा इंची लुअर, गळ आणि पोटातलं शिसं मिळून ३५ ते ४५ ग्रॅम भरतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून खात्री करा, कारण पाकिटावर बऱ्याचदा नुसत्या रबराचं वजन असतं. २० ते ६० ग्रॅमचा, साडेसात-आठ फुटी रॉड या कामाला बरोबर. ३० ग्रॅमच्या रॉडने ४५ ग्रॅम फेकाल तर कधीतरी टोकाकडून तुटेल. रील ४००० किंवा ५००० मापाचं स्पिनिंग. बेटकास्टरवर (अंगठ्याने आवरायच्या आडव्या रीलवर) जड लुअर छान जातो, पण अंगठा बसेपर्यंत दोरीचा गुंता सोडवण्यातच ओहोटी संपते.

ब्रेड (विणलेली दोरी) ४० पाउंड ताणाची, पुढे ६० पाउंडाचा मोनो (साधा नायलॉन) किंवा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे लुअरआधीचा जाड तुकडा. जिताड्याचे दात बारीक, कानसासारखे असतात. त्याने दोरी घासते, लगेच तुटत नाही. कापते ती कल्ल्यावरच्या झाकणाची धार. म्हणून पातळ लीडरवर मोठा मासा हातचा जातो. एफजी गाठ (ब्रेड लीडरवर विणून बांधायची बारीक गाठ) येत असेल तर लीडर एक मीटर ठेवा, ती रॉडच्या रिंगांतून सरकते. साधी जाड गाठ मारणार असाल तर ६० सेंटिमीटरच, म्हणजे फेकताना गाठ टोकाच्या रिंगबाहेर राहील. लुअरला घट्ट गाठ मारू नका; सैल फासाची गाठ मारा, नाहीतर नाक जखडतं आणि शेपूट अर्धीच हलते. ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) स्प्रिंगकाट्याने मोजून साडेचार ते पाच किलोवर लावा.

आता बांधणी. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि दोष लुअरला दिला जातो. सहा इंची रबराला ७/० मापाचा रुंद गळ, पोटाला ७ ते १० ग्रॅम शिसं आणि डोळ्याशी (दोरी बांधायच्या भोकाशी) स्प्रिंग असलेला. लुअर गळाच्या शेजारी धरा आणि टोक पाठीतून कुठे बाहेर येईल तिथे नखाने खूण करा. स्प्रिंग नाकाच्या बरोबर मधोमध ठेवून फिरवत आत घाला. मग पोटाच्या चिरेतून गळ वर घेऊन खुणेवर बाहेर काढा, आणि टोक पाठीच्या कातडीत जेमतेम टोचून ठेवा. वरून बघा: नाक, गळ, शेपूट एका रेषेत हवं. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी लुअर कुशीवर पडतो. रबर ताणलं किंवा दुमडलं गेलं असेल तर उपसून पुन्हा घाला, पुढे सुधारेल असं नसतं.

पहिली फेक लांब नको. जेट्टीच्या कडेला दोन मीटर ओढून बघा. शेपूट डावी-उजवी थडाथड हलते आणि अंग किंचित डुलतं, तर बांधणी जमली. गिरकी घेत असेल तर गळ मध्यावर नाही किंवा शिसं कमी आहे. शेपूट हलतच नसेल तर ती पाकिटात वाकलेली आहे: गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ धरून गार पाण्यात टाका.

फेकताना झटका नको. लुअर टोकापासून हातभर खाली सोडा (साधी जाड गाठ असेल तर ती रिंगबाहेर येईल इतका), रॉड मागे न्या, वजन जाणवू द्या आणि मग एका सलग हालचालीत सोडा. पाण्यावर पडायच्या आधी दोरीला बोट लावा, म्हणजे लुअर सरळ पडतो आणि ढिली दोरी उरत नाही.

जागा आणि वेळ यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. जिताडा शोधत फिरण्यापेक्षा दबा धरून बसतो. पाणी उतरताना तिवरांतली बोइटं आणि कोळंबी ज्या तोंडातून बाहेर पडतात, तिथे तो असतो: लहान ओहळाचं मुख, खारबंदिस्तीची उघाडी (बांधातलं पाण्याचं दार), पुलाच्या खांबामागचं संथ पाणी. सुकती (ओहोटी) लागल्यापासून पहिले दोन-अडीच तास धरा. कोळीवाड्यातला जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. खाडीत जेवढं आत जावं तेवढी ती उशिरा पोचते. पंचमीची भरती सोयीची, कारण सुकतीचे कामाचे तास संध्याकाळी येतात आणि ओढही बेताची असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात १० ग्रॅम शिसं खाली टिकत नाही. थंडीत मासा मंदावतो. पावसाळ्यानंतरचे महिने आणि उन्हाळा हाच खरा हंगाम.

वाशी आणि ऐरोली पुलांमधलं पाणी मात्र सोडा. ते २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे रॉड उघडायचा नाही. गायमुख-घोडबंदरकडची उल्हास खाडी, दिवाळे, उलवे, उरणकडचा भाग बघा, आणि आधी कोळीवाड्यात विचारा की जाळी कुठे लागली आहेत. तिवरांत शिरू नका, फांद्या तोडू नका.

लुअर ओहळाच्या तोंडापलीकडे टाका, तळाला टेकू द्या, मग दोन सेकंदांत हँडलचा एक फेरा. याहून वेगात ओढण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि मोठ्या लुअरवर मासा न लागण्याचं पहिलं कारण तेच. चार-पाच फेऱ्यांनंतर थांबा, लुअरला दोन सेकंद खाली जाऊ द्या. चावा बहुतेक या थांब्यातच येतो. जिताडा पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्यामुळे हाताला एक बोथट ठोका जाणवतो. लगेच रॉड उडवू नका. वजन येईपर्यंत गुंडाळा, मग रॉड आडवा, जोरात खेचा. उडी मारू लागला तर टोक पाण्याजवळ ठेवा आणि दोरी ताठ.

मोठा जिताडा जवळपास नेहमी मादी असते: हा मासा आधी नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर, साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या सुमाराला, मादी होतो. अंडी देणारी हीच. म्हणून ती सोडाच. ओल्या हाताने, पोटाखाली आधार देऊन धरा. नुसती जबड्यावर टांगू नका आणि बोटं कल्ल्यापासून दूर ठेवा. फोटो घ्यायचा तर कॅमेरा आधी तयार, मासा नंतर वर.

घरी आल्यावर गळ आणि रील गोड्या पाण्याने धुवा. रबरी लुअर मूळ पाकिटात, सरळ ठेवा. वेगवेगळ्या रबराचे लुअर एका डब्यात टाकले तर आठवड्यात एकमेकांना चिकटून वितळतात.