आई किंवा वडिलांच्या नात्याने नागरिकत्वाचा दावा करताना

आई किंवा वडील ज्या देशाचे नागरिक आहेत, तेथील नागरिकत्व वंशाधाराने मागणाऱ्याने सर्वप्रथम आपल्या जन्माच्या दिवशी ते त्या देशाचे नागरिक होते का, हे कागदोपत्री तपासावे. त्यांनी ते नागरिकत्व तुमच्या जन्मानंतर स्वीकारलेले असेल, तर असा दावा सहसा उभाच राहत नाही.

पुढचा प्रश्न त्या काळच्या कायद्याचा. १ जानेवारी १९८३ पूर्वी परदेशात जन्मलेल्या अपत्याला ब्रिटिश आईकडून नागरिकत्व आपोआप मिळत नसे, आणि जर्मनीतही विवाहित जर्मन आई व परदेशी वडील यांच्या १९७५ पूर्वीच्या अपत्यांवर सर्वसाधारणपणे असाच अन्याय झाला. ब्रिटनमध्ये अशा अनेकांना आता नोंदणी करता येते. जर्मनीत २३ मे १९४९ नंतर जन्मलेल्यांसाठी घोषणापत्र देऊन नागरिकत्व मिळवण्याची मुदत १९ ऑगस्ट २०३१ पर्यंत आहे. पूर्वी नकार मिळालेल्यांनी म्हणूनच पुन्हा चौकशी अवश्य करावी.

आपण जन्मतःच नागरिक आहोत की नोंदणीनंतर होणार, हेही आधी ठरवावे. आयर्लंड बेटावर जन्मलेल्या आयरिश नागरिकाचे परदेशात जन्मलेले मूल थेट पासपोर्टसाठी अर्ज करू शकते. मात्र आजी किंवा आजोबा तेथे जन्मलेले आणि आई-वडील बाहेर जन्मलेले असतील, तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव चढवावे लागते व नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासूनच धरले जाते.

सर्वाधिक अर्ज अडतात ते मात्र नावांपाशी, असे मला वाटते. आईच्या जन्मदाखल्यावर माहेरचे आडनाव, तिच्या पासपोर्टवर सासरचे आणि तुमच्या दाखल्यावर तिचे नुसतेच नाव असेल, तर या तिन्ही ठिकाणची स्त्री एकच आहे हे अधिकाऱ्याला तुम्हीच दाखवून द्यायचे असते. त्यासाठी विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडावे, आणि जन्मदाखल्याचा संक्षिप्त उतारा न घेता आई-वडिलांची नावे असलेली पूर्ण प्रत मागवावी. अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारकडून मिळणारे प्रमाणन) लागत असेल, तर ते आधी करून घेऊन मगच मान्यताप्राप्त अनुवादकाकडे कागद द्यावेत, म्हणजे त्यावरील शिक्क्याचाही अनुवाद होतो.

सध्याचा देश दुहेरी नागरिकत्व मान्य करतो का, हे अर्जावर सही करण्यापूर्वीच पाहावे. भारतीय कायद्यानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतल्यास भारताचे नागरिकत्व संपुष्टात येते.