इंग्लंडातल्या लीड्समध्ये खोली मिळाली, पण कोड चालेना (माझा अनुभव)

हॉस्टेल सोडून आम्ही तिघांनी घर पाहिलं. डिपॉझिटपर्यंत सगळं सुरळीत. मग एजंट म्हणाला, 'राइट टू रेंट', म्हणजे इथे भाड्याने राहण्याचा हक्क, सिद्ध करा. मी पासपोर्टातल्या व्हिसाचा फोटो पाठवला. तो व्हिन्येट, म्हणजे पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा, फक्त देशात शिरण्यापुरता, त्याची मुदत कधीच संपलेली! बीआरपी, म्हणजे पूर्वी मिळणारं राहण्याच्या परवान्याचं कार्ड, माझ्या बॅचला मिळालंच नाही, सगळा कारभार ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन व्हिसावर.

मग यूकेव्हीआयच्या (ब्रिटनचा व्हिसा विभाग) ऑनलाइन खात्यातून शेअर कोड, म्हणजे दुसऱ्याला आपला व्हिसा ऑनलाइन तपासू देणारा कोड, काढून जन्मतारखेसह दिला. एजंटचा उलट मेल: "चालत नाही." दोन दिवस मी जन्मतारीखच तपासत बसलो. शेवटी वरच्या वर्गातल्या नाशिकच्या ताईने कोड बघितला आणि हसली. म्हणाली, "अरे, हा एसने सुरू होतोय. घरासाठीचा आरने सुरू होतो. नोकरीचा डब्ल्यूने." कोड काढताना कारण विचारतात, तिथे मी घाईत 'इतर' निवडलं होतं.

नवा कोड पाच मिनिटांत निघाला. नऊ अक्षरं-अंक, मुदत ९० दिवस. सोबत जन्मतारीख दिली, एजंटने सरकारी साइटवर माझा फोटो आणि मुदत बघितली, काम झालं. पासपोर्ट नवा काढला असेल तर आधी खात्यात तो जोडून घ्या.

ही तपासणी फक्त इंग्लंडात आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या माझ्या मित्राला घर घेताना कुणी काही विचारलं नाही, त्याला वाटलं, एजंट मला फसवतोय.