संध्याकाळी रिले थरथरत होता, त्यावर हिस्टेरेसिसचा उपाय

गोठ्यावरचा दिवा अंधार पडला की आपोआप लागावा, म्हणून एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा घटक) आणि एलएम३९३ (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप) वापरून १२ व्होल्टचं सर्किट केलं होतं. दिवसा ठीक, रात्री ठीक. पण तिन्हीसांजेला रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) टर्रर्र वाजत राहायचा. असं चाललं तर कॉन्टॅक्ट जळणारच.

प्रकाश इतका सावकाश उतरतो, की चिपच्या पिन २ वरचं एलडीआरकडून येणारं व्होल्टेज पिन ३ वरच्या ६ व्होल्टच्या रेफरन्सशी (तुलनेसाठी ठरवलेल्या व्होल्टेजशी) बराच वेळ घुटमळतं, आणि मिलिव्होल्टभर नॉइजही आउटपुट उलटवतो. एलडीआरवर कपॅसिटर लावा, असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. त्याने नॉइज दबतो, पण उंबरठा एकच राहतो.

खरा उपाय पॉझिटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग पिन ३ वर परत देणं. त्याने लागण्याचा आणि विझण्याचा उंबरठा वेगळा होतो, हाच हिस्टेरेसिस. रेफरन्स ठरवणाऱ्या प्रीसेटच्या (फिरवून बदलता येणाऱ्या रोधाच्या) मधल्या टोकापासून पिन ३ पर्यंत १० के (किलोओहम), आणि आउटपुट पिन १ पासून पिन ३ वर ४७० के. आउटपुट ओपन कलेक्टर असल्याने (ते फक्त खाली खेचतं, स्वतः वर नेत नाही) १२ व्होल्टकडे ४.७ के पुल-अप रोध हवाच. पुढे रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस (१० के मधून) असल्यामुळे आउटपुट १२ पर्यंत न जाता साधारण ८.४ व्होल्टला थांबतं. गणित करताना हाच आकडा धरा. वरच्या १० के मध्ये प्रीसेटचे २.५ के मिळवून पट्टा (दोन उंबरठ्यांमधलं अंतर) निघतो सुमारे ०.२ व्होल्ट.

थरथर थांबली. मात्र दिव्याचाच उजेड एलडीआरवर पडून तो लागत-विझत राहिला. मग ४७० के काढून १०० के लावला, पट्टा ०.९ व्होल्ट झाला, आणि एलडीआरला काळ्या नळीचा तुकडा चढवून त्याचं तोंड आभाळाकडे केलं. आता रिले संध्याकाळी एकदाच ‘टक्’ करतो.